श्वासाची जागा

शनिवारी सकाळी बेकरीच्या रांगेत उभ्या उभ्या लोसाला स्वतःचा आवाज इतका आवडला, की ती मनातल्या मनात म्हणाली, बाई गं, काय गायलीये मी! आणि लगेच तिला आठवलं, की ती गायलीच नव्हती. रेडिओवर गाणं त्यांचंच होतं, त्यांच्या तिघींचं, 'दुसरं ताट'. त्याच्यावरूनच आख्ख्या अल्बमला नाव दिलं होतं, आणि तो अल्बम गेले काही आठवडे देशात पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसला होता, उठायचं नाव घेत नव्हता. गाण्यातली वरची ओळ धाकट्या बहिणीची, मासिनाची. खालची ओळ मामेबहिणीची, तेलेसियाची. आणि मधली, ती काळसर, सुरावर किंचित उशिरा पोचणारी, लोसाची म्हणून सगळ्या पेपरांनी डोक्यावर घेतलेली ओळ, तीसुद्धा मासिनाचीच. लोसाला हे आज कळत होतं असं नव्हे. रेकॉर्डिंग झालं त्या आठवड्यात ती इथे, मांगेरेच्या त्यांच्या वस्तीत, नव्हती, सामोआत सावाई बेटावर आजीच्या मयताला गेली होती. परत आल्या आल्या तिला सगळं सांगितलं गेलं होतं. पण माहीत असलेलं माणूस विसरतं, आणि विसरून पुन्हा आठवलं की ते जास्त लागतं. इतके दिवस लोसा हे विसरून बसली होती. मुलाखती देत होती. 'तुम्ही तो सूर कसा लावता हो?' असं कुणी विचारलं की हसून 'देवाची कृपा' म्हणत होती, आणि त्यात खोटं तरी काय होतं म्हणा.

गाणं दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला आलं आणि रांगेतली बडबड थांबली. तिथे एक पोकळी आहे. तिन्ही आवाज एकदम थांबतात, ऑर्गन थांबतो, कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू येतं, आणि मग शेवटची ओळ अंगावर कोसळते. त्या श्वासावर देश वेडा झाला होता. शाळेच्या मैदानात पोरं तो श्वास घेत होती, बसचे ड्रायव्हर घेत होते. आताही काउंटरमागच्या बाईने पाव कापता कापता सुरी वरच धरली, आणि दाराजवळचा रग्बीची जर्सी घातलेला दांडगा गडी डोळे मिटून छाती फुगवून उभा राहिला. एका पेपरवाल्याने या पोकळीवर अर्धा रकाना खर्ची घातला होता, शांततेचं धाडस म्हणे. कसलं डोंबलाचं धाडस! लोसाला ती पोकळी आज पहिल्यांदा, लख्ख, छपराला पडलेल्या भोकासारखी दिसली. तिथे कुणीतरी सूर धरून ठेवायला हवा होता आणि धरणारीच जागेवर नव्हती. धरणारी म्हणजे आपण, हे कळल्यावर तिला एकाच वेळी लाज वाटली आणि हसू आलं.

“तुला सांगते लोसा, ती मधली ओळ लागली की माझ्या डोळ्यांपुढे तुझी आजी उभी राहते,” मागून चर्चमधल्या इसापेला काकूंचा आवाज आला. त्यांच्या हातात नारळाच्या रसात भिजवलेल्या पावांचा ट्रे होता आणि डोक्याला रोलर. “अगदी हुबेहूब गं! तीही अशीच, सुरावर सावकाश यायची. घाई म्हणून नाही. तू तिच्यावरच गेलीयेस.”

“हो ना काकू.”

“आणि मासिना बघ, तिचं वेगळंच. ती तुझ्यासारखी नाही हो.”

“नाही कशी, काकू,” लोसा म्हणाली, आणि तिने पाव घेतले. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या.

त्यांच्या चर्चमध्ये गाण्याला एकच नियम होता आणि तो आजीने काठीच्या टोकाने शिकवलेला. शेजारणीच्या श्वासावर श्वास घ्यायचा नाही. ती घेत असेल तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा ती धरेल. गाण्याला भोक पडलं की पाऊस आत येतो, म्हणायची आजी, आणि खरंच वर बघायची, जणू चर्चच्या पत्र्यातून थेंब टपकणार आहे. तिघी पोरी अगदी मागच्या बाकावर बसायच्या, कारण पुढचे बाक मोठ्यांचे. म्हणून तर पुढे गटाचं नावही 'बॅक रो' ठेवलं. मासिना वर, तेलेसिया खाली, मध्ये लोसा. कुठलंही गाणं असो, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी वरची आणि खालची दोघी दम घ्यायच्या, आणि मधली धरून ठेवायची. ते लोसाचंच काम. लहानपणापासून दोघींना ठाऊक होतं, की इथे आपण सोडलं तरी चालेल, मध्ये लोसा आहे. आणि कुणी आजारी असेल, गावाला गेलं असेल, तर शेजारचीने तिची ओळ गायची. त्याचा बोभाटा करायचा नाही. वाळत घातलेले शेजारणीचे कपडे पाऊस आला की आपण आत घेतो, तसंच हे. मासिनाने स्टुडिओत तेवढंच केलं होतं. लोसा नाही, तर लोसाची ओळ कुणी गायची? मी. तिला वाटलं असेल, यात विचारायचं काय? तिने आधी आपली ओळ गायली, मग कानाला हेडफोन लावून लोसाची गायली, लोसासारखीच काळसर करून, लोसासारखी उशिरा येऊन, सगळं सगळं लोसासारखं. फक्त श्वास घेतला तो आपल्या सवयीच्या जागी. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी. मध्ये लोसा आहे म्हणून सोडलं, आणि मध्ये तीच होती. आता हे कुणाला समजावून सांगायचं? तेलेसियानेही सवयीने सोडलेलं. रेकॉर्ड कंपनीच्या कॉलिनला ती शांतता इतकी आवडली, की त्याने तिथला ऑर्गनसुद्धा काढून टाकला. अशी एका भोकाची किंमत झाली. लोसा तेव्हा सावाईत आजीच्या पायाशी चटईवर बसून हीच मधली ओळ रात्रभर धरत होती, कारण मयताच्या घरात गाणं थांबवत नाहीत, आणि थोरल्या नातीने तर मुळीच नाही.

ती परत आली तेव्हा दोघींनी तिला गॅरेजमध्ये नेऊन टेप ऐकवली. पहिल्या अल्बमची न खपलेली खोकी तिथे भिंतीला लागून होती. त्यांच्यावरच बसून ऐकली. “तू नव्हतीस म्हणून मी तुझी म्हटली,” मासिना म्हणाली होती. लोसा म्हणाली होती, “बरं केलंस.” आणि तिला खरंच बरं वाटलं होतं. जागा रिकामी नाही राहिली. तेव्हा हा अल्बम नंबरात येईल असं वाटलं होतं कुणाला? पहिला चर्चच्या जत्रेत विकायला ठेवला तर लोकांनी उकडलेलं अळू घेतलं होतं आणि कॅसेट परत ठेवली होती.

गोष्ट इथेच संपली असती, पण गुरुवारी कॉलिन आला. विमानतळाच्या ज्या स्वयंपाकघरात लोसा प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरते, त्याच्या फाटकाबाहेर गाडी लावून उभा. नंबर एक झाला म्हणून लोसाने नोकरी सोडली नव्हती; आईने सोडूच दिली नसती. डोक्याला जाळी, पायात रबरी बूट, अशीच ती बाहेर आली. कॉलिन वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने आधी तिच्या आईची चौकशी केली, मग हवेची, मग टोपी काढली.

“लोसा, मी तुझ्याशी सरळ बोलतो. लंडनच्या कंपनीने आपला अल्बम ऐकलाय. त्यांना मासिना हवीय.”

“छानच की.”

“एकटी.”

 आत पट्ट्यावरून ट्रे सरकत होते, त्यांची खडखड बाहेर येत होती.

“त्यांनी विचारलं, मधला आवाज कुणाचा. मी खोटं नाही बोललो. दोन्ही ओळी तिच्याच आहेत हे तुलाही माहितेय. ते म्हणाले, मग तिघी कशाला? म्हणजे… तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत मी.”

“मला नाही वाटलं वाईट,” लोसा म्हणाली. वाटलं होतं. 

“ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. नुसती हसते. तुम्हा लोकांचं हे मला अजून कळत नाही. पण तू थोरली आहेस. तू म्हणालीस जा, तर जाईल. रविवारी तुमचा रेडिओचा कार्यक्रम झाला की मी फोन करतो. तेव्हा मला उत्तर हवंय.”

म्हणजे बाण लोसाच्या हातात देऊन तो मोकळा झाला. आणि तो म्हणत होता ते खरंही होतं. त्यांच्यात मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. हसतात, मान खाली घालतात, आणि थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे बघतात. मासिनाने आजवर तेच केलं. शाळा कुठली, लोसाने सांगितलं. केस कापू का, लोसाला विचार. आणि आता गुरुवारपासून शनिवारपर्यंत, एकाच खोलीत झोपत असून, दोघींपैकी एकीनेही कॉलिनचं नाव काढलं नव्हतं. रात्री मासिनाच्या कुशी बदलण्याचा आवाज यायचा आणि लोसा श्वास धरून पडून राहायची. काय म्हणायचं तिला? जा म्हटलं तर आपण मोठ्या मनाच्या, आणि उरलेल्या दोघी पुन्हा गॅरेजमधल्या खोक्यांवर. राहा म्हटलं तर पोरीचं नशीब आपण कोंडून ठेवलं, जन्मभर ऐकून घ्या. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, तो घाणेरडा प्रश्न: तिघी कशाला? ट्रेमध्ये एक खण रिकामा राहिला तर सुपरवायझर ट्रे परत पाठवते. पण शेजारच्या खणातली भाजीच जर पसरून दोन्ही खण भरत असेल, तर मधली भिंत हवीच कशाला? आईसुद्धा तेच गाणं भांडी घासता घासता रोज लावते आणि म्हणते, ‘हा माझ्या लोसाचा गळा.’ सख्ख्या आईला कळत नसेल तर लंडनवाल्यांना कुठून दोष द्यायचा! बेकरीतून पावांची पिशवी घेऊन गाडीत बसल्यावर लोसाने किल्ली फिरवली नाही. मघाचं ते पुन्हा ओठांवर आलं होतं: बाई गं, काय गायलीये मी. म्हणजे आपल्यालाही कळलं नाही की. आणि मग, कसं कोण जाणे, तिला त्या विचाराची भीती वाटायच्या ऐवजी मजाच वाटायला लागली. पोरीने आपल्याला किती ऐकलंय! शब्द न शब्द, खाच न खाच. माझ्याशेजारी बसून इतकी वर्षं ती काय करत होती, तर मला ऐकत होती. मग मी काय करत होते? मी तिला ऐकत नव्हते? लोसाने गाडीच्या काचा वर केल्या आणि वरची ओळ, मासिनाची ओळ, मासिनाच्या गळ्याने म्हणून बघितली. पातळ, उजळ, शब्दाच्या आधीच सुरावर जाऊन बसणारी. पहिल्याच फटक्याला आली. बाजूच्या गाडीतल्या बाईने वळून बघितलं. लोसाने पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि घरी गेली.

रविवारी चर्च झाल्यावर आईने त्यांना जेवू दिलं नाही. आधी वडीलधारे जेवतील, पाद्रीबाबा जेवतील, आणि रेडिओचा कार्यक्रम तर लगेच होता. “तुमची ताटं झाकून ठेवते,” आई म्हणाली. “नारळाच्या दुधातल्या अळूला हात लावू देणार नाही कुणाला. जा. आणि बाहेर आत्या, काकू सगळ्या ऐकायला बसल्यात, तेव्हा नाक कापू नका आमचं.” पांढऱ्या कपड्यांतच तिघी व्हॅनमध्ये बसल्या. लोसा चालवत होती, मासिना शेजारी, तेलेसिया मागे. तेलेसिया हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि 'दुसरं ताट' तिने तिथेच, चादरींच्या घड्या घालता घालता जुळवलं होतं: उशिरा येणाऱ्या माणसासाठी ताट झाकून ठेवलंय, एवढंच गाणं.

“मला इतकी भूक लागलीये ना,” तेलेसिया मागून म्हणाली, “की गाण्यातलं ताट मिळालं तरी चाटून खाईन.”

“तू सकाळी तीन पाव खाल्लेस,” मासिना म्हणाली.

“ते उपासाचे होते.”

मासिना हसली, पण नेहमीसारखी नाही. लोसाने वळून न बघताच ते ऐकलं. ओताराच्या बाजाराजवळ व्हॅन लावल्यावर तेलेसिया उतरून पुढे गेली आणि दोघी जागच्या जागी बसून राहिल्या. दुकानांच्या वरच्या मजल्यावर रेडिओचं ऑफिस होतं, त्याच्या खिडकीतून कुणीतरी हात करत होतं.

“कॉलिन मला भेटून गेला,” लोसा म्हणाली.

“माहितेय.” मासिना टोपीच्या कडेशी चाळा करत होती. “कधी बोलतेयस याचीच वाट बघत होते.”

“आणि मी तू कधी बोलतेयस याची.”

“मी काय बोलणार? तू सांग. तू म्हणशील तसं.”

“तुला काय वाटतं ते विचारतेय मी.”

“मला तू म्हणशील तसं वाटतं,” मासिना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि लोसाला तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात आणि तिला पोटाशी धरावं, दोन्ही एकदम वाटलं. काय पोरगी आहे! दोन ओळी एकटीने गाते आणि एक शब्द स्वतःचा बोलत नाही. “गाणं होऊ दे,” लोसा म्हणाली. “मग सांगते.” काय सांगणार आहोत ते तिला अजून ठाऊक नव्हतं, पण सांगता येईल याची आता तिला खात्री वाटत होती. ती खात्री कुठून आली, हे तिने विचारलं नाही. जिना चढताना तिने मासिनाच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पाठ घामाने ओली होती.

कार्यक्रम करणारा सेउली म्हणजे सगळ्या वस्तीचा मामा. जिभेला हाड नाही. एका माइकभोवती तिघींना उभं करून तो हवेवर सुरू झाला. कुणाचं लग्न, कुणाची रग्बी, कुणाचं डुक्कर हरवलं, आणि बोलता बोलता म्हणाला, “आणि आमच्या कानावर असं आलंय मंडळी, की ही आमची मासिना लंडनला निघाली! एकटीच! काय गं, खरं का? मग या दोघी काय करणार, आमच्याकडे बातम्या वाचणार?” आणि स्वतःच गडगडून हसला. तेलेसियाने वळून आधी मासिनाकडे बघितलं, मग लोसाकडे. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. मासिना हसली, मान खाली घातली. बाहेर शेकडो घरांतून, झाकलेल्या ताटांशेजारी, लोक ऐकत होते. लोसाने बोटांनी मांडीवर ताल दिला, एक, दोन, आणि गाणं सुरू झालं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पहिलं कडवं नीट गेलं. वाद्य नव्हतं, नुसते तीन गळे. लोसाने गेले काही आठवडे केलं तसंच केलं. रेकॉर्डमधली मधली ओळ, म्हणजे मासिनाने केलेली लोसा, तिची नक्कल. कॉलिनचं सांगणंच होतं, लोकांना रेकॉर्डमध्ये आहे तेच हवं असतं, त्या जागी तिघींनी थांबायचं म्हणजे थांबायचं. प्रत्येक कार्यक्रमात लोसा थांबली होती. आजीची काठी आठवूनही थांबली होती. दुसरं कडवं सुरू झालं आणि तिला बाजूने काहीतरी जाणवलं. मासिनाचा आवाज होता, पण त्याच्या कडा ओल्या झाल्या होत्या. उजळ शब्द आता सुराच्या आधी नाही, सुराबरोबर कसेबसे पोचत होते. ही पडणार, लोसाला कळलं. कुणी न सांगता कळलं. जसं बाकावर शेजारची उठायच्या आधी बाकाला कळतं. ती जागा आली. मासिनाने सोडलं. तेलेसियाने सोडलं. लोसाने सोडलं नाही. तिने सूर धरला, स्वतःचा, काळसर, उशिरा आलेला, आणि धरून ठेवला. सेउलीने कानावरचा हेडफोन दाबला. देशाने श्वास घ्यायचा त्या जागेतून तो सूर नुसता चालत गेला, भोक नाही, काही नाही. आजीच्या पायाशी रात्रभर धरलेला सूरच होता तो, तिला ओळखू आला. छातीत अजून शिल्लक होता. आणि पलीकडच्या काठाला पोचल्यावर मासिनाने यायला हवं होतं, वरून, शेवटच्या ओळीवर, तर मासिना आली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

वरची ओळ कधी कुणी भरली नव्हती. मासिना कधी आजारीच पडली नव्हती. लोसाने विचार केला नाही, केला असता तर उशीर झाला असता, आणि उशीर करायची तिची सवय होतीच. पण मासिना उशीर करत नाही. मासिना शब्दाच्या आधी जाऊन बसते. लोसा मधल्या सुरावरून उठली आणि तिथे जाऊन बसली, वर, पातळ, उजळ, मासिनाच्या गळ्याने. तिच्या उठण्याने मधली जागा रिकामी झाली, तर तेलेसिया, मघाचा राग, भूक, सगळं गिळून, खालून सरकून मध्ये आली. कुणी कुणाला खूण केली नाही. मागच्या बाकावर एकजण उठली की सगळ्या सरकतात, तेवढंच झालं. आणि मग खालून, अगदी खालून, जिथे ती जन्मात कधी बसली नव्हती तिथून, मासिनाचा आवाज आला. घोगरा, रडका, पण सुरात. शेवटची ओळ तिघींनी अशी म्हटली, तिघी भलत्याच जागी बसून, आणि लोसाला इतका आनंद झाला, की तिला वाटलं आता आपण हसणार आणि सगळं वाटोळं होणार. तिघी कशाला, हे लंडनवाल्यांना विचारावंसं वाटत होतं ना? यासाठी. आपण पडल्यावर कुणी तरी आपण व्हायला हवं, यासाठी. लंडनला गेल्यावर ही पोरगी पडली तर तिथे कोण धरणार होतं, ऑर्गन?

सेउलीने जाहिरात लावली आणि डोळे पुसले. काही विचारलं नाही. मामा झाला तरी एवढं त्याला कळत होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सेउलीने उचलला, ऐकलं, आणि मासिनापुढे धरला. “तुझाच आहे. कॉलिन.”

मासिनाने फोन घेतला. कॉलिन इतक्या मोठ्याने बोलत होता, की सगळ्यांना ऐकू येत होतं. “मासिना! गाडी बाजूला लावून ऐकत होतो! ती शेवटची ओळ! अशी कधी गायली नव्हतीस तू! आणि त्या शांततेत लोसाने सूर धरला, ते ठीक, ते बघू आपण, पण तू, तू जी आलीस वरून… हेच मी लंडनला सांगत होतो. आता बोल. काय ठरलं?”

मासिनाने तोंड उघडलं. मिटलं. हसली. मान खाली घातली. फोनवर ते दिसत नाही. मग तिने फोनच्या तोंडावर हात दाबला आणि लोसाकडे बघितलं.

“तू बोल.”

“मी नाही. तुझं तू सांग. मी मध्ये पडणार नाही.”

“मला जायचं नाहीये, लोसा,” मासिना म्हणाली. हे तिचं पहिलं वाक्य, स्वतःचं, सबंध. “मला नाही जायचं. आत्ता तर मुळीच नाही. पण मला त्याला नाही म्हणता येत नाही गं. मी तुझं गायले ना तू नव्हतीस तेव्हा? आता तू माझं बोल. माझ्या आवाजात बोल.”

तेलेसियाच्या तोंडून फुस्सकन हसू बाहेर पडलं. लोसाने फोन घेतला. घसा खाकरला नाही. मासिना खाकरत नाही.

“कॉलिन, मी मासिना,” ती म्हणाली, पातळ, उजळ, शब्दाच्या आधीच जाऊन बसलेली. “मी येत नाहीये. तिघींना बोलवत असतील तर आम्ही आईला विचारून कळवू.”

पलीकडे कॉलिनचा आवाज उतरला. “हे तुला लोसाने सांगायला लावलं?”

“लोसाने? नाही हो. लोसा माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही.”

“नीट विचार कर, मासिना. तू आत्ता जे गायलीस, ते या देशात दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटतं तुला?”

“नाही वाटत,” लोसा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. “बरं ठेवते. जेवायचंय अजून.”

घरी पोचल्या तेव्हा वडीलधारे ओसरीवर सुस्तावले होते आणि आत्या, काकू भांडी आवरत होत्या. इसापेला काकूंनी जाता जाता मासिनाचा गालगुच्चा घेतला. लांब टेबलाच्या कोपऱ्यावर तीन ताटं होती, वर चांदीचा कागद, कडा घट्ट दुमडलेल्या. आईने कागद काढले. अळू अजून कोमट होतं. लोसा बाकाच्या टोकाला बसली, मासिना तिच्याशेजारी, आणि तेलेसिया ताट हातात घेऊन उभ्यानेच खायला लागली होती.

“मासिना,” आई म्हणाली, “आज काय चढलीस गं शेवटी! अंगावर काटा आला माझ्या. हे बघ, हे बघ, अजून आहे.” तिने दंड पुढे केला. मासिनाने काही सांगायला तोंड उघडलं, तर टेबलाखालून लोसाने तिच्या पायावर पाय दिला. “आणि लोसा, तू गं? त्या मधल्या जागी छान धरलंस, अगदी आजीसारखं. पण मग कुठे गेलीस? शेवटी तुझा आवाज मला ऐकूच आला नाही.”

“होते की, आई,” लोसा म्हणाली. तोंडात घास होता. “जराशी सरकले होते.”

“बरं, मग आता अजून थोडी सरक,” आई म्हणाली, “म्हणजे तेलेसियालाही बसता येईल.”

लोसा सरकली.